उशी बडवून राग जात नाही
कोणीतरी म्हटलंय की राग दाबू नये, उशी बडवायची, ओरडायचं आणि मोकळं व्हायचं. दाबू नये हे शंभर टक्के पटलं, पण बडवून राग उतरतो हे नाही पटलं. २००२ साली ब्रॅड बुशमन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाचा यावरच प्रयोग आला होता, ज्याचा राग आलाय त्याचा विचार करत पंचिंग बॅगवर ठोसे मारणारे उलट जास्त भडकलेले निघाले, नुसते गप्प बसलेले त्यामानाने शांत निघाले.

आमच्याकडे मी भांडी आपटायचे आणि नवरा तीन-तीन दिवस अबोला धरायचा, निरोप सगळे मुलीच्या तोंडून, "बाबांना सांग जेवण वाढलंय". एकदा ती सहा वर्षांची पोर आमच्या दोघांच्या मध्ये उभी राहून रडायलाच लागली, कोणाकडे जायचं तेच कळेना तिला. तेव्हापासून ठरवलंय, ज्याचं डोकं तापलं त्याने "आत्ता नको, जेवणानंतर बोलू" असं तोंडाने सांगून गच्चीवर जायचं आणि जेवणानंतर खरंच बोलायचं. ती वेळ सांगणं फार महत्त्वाचं, नाहीतर समोरच्याला तो परत अबोलाच वाटतो. नवऱ्याला अजून सुरुवात करणं जमत नाही, ताटं उचलल्यावर मीच विषय काढते, पण आता तो उठून जात नाही.