एकट्याने डिस्नेला : विमानाचा दिवस (अनुभव धागा)

खिडकीची_सीट :
कपाट आवरताना मॅजिकल एक्सप्रेसचा पिवळा बॅगटॅग हाती लागला. नव्यांना माहीत नसेल, पूर्वी डिस्नेच्या हॉटेलात बुकिंग असलं की हे टॅग टपालाने घरी यायचे. टॅग लावून बॅग चेक-इन करायची, अमेरिकेत ऑरलँडोला उतरून सामानाच्या पट्ट्याकडे न बघता फुकटच्या बसमध्ये बसायचं, बॅग आपसूक खोलीत पोचायची. २०२२ उजाडलं आणि ती बसही बंद झाली.

तेव्हापासून एकट्याने जाणाऱ्याचं काम वाढलंय. चौघं असले की एक पट्ट्यापाशी थांबतो, एक गाडीचं बघतो, तिसरा पोरं धरतो. एकट्याला हे सगळं एकामागून एक करावं लागतं, बाथरूमलासुद्धा बॅग घेऊनच जावं लागतं. तर जाणकारांनो, घराला कुलूप लावल्यापासून खोलीत बॅग टेकेपर्यंत काय काय बघायचं ते इथे लिहा. राइड्सचे धागे वेगळे आहेत, त्यात शिरू नका. (शिरणार आहातच म्हणा.)

जर्सीकर :
पहाटेचं विमान घ्या, बाकी सगळं नंतर.
ऑरलँडोला जून ते सप्टेंबर दुपारी दोन-तीननंतर गडगडाट ठरलेला. वीज जवळ पडायला लागली की विमानांभोवती काम करणाऱ्या लोकांना आत बोलावून घेतात. म्हणजे विमान वेळेवर उतरलं तरी गेटला लावायला माणूस नाही, गेटला लागलं तरी पोटातल्या बॅगा काढायला कोणी नाही. पाऊस थांबला तरी वीज दूर जाईपर्यंत पट्टा रिकामाच फिरतो. पहाटेचं विमान बहुतेक वेळा रात्रीच येऊन उभं असतं, त्यामुळे आधीच्या फेरीचा उशीर आपल्या बोकांडी बसत नाही. रद्द झालंच तर हाताशी अख्खा दिवस असतो. नूअर्कहून साधारण तीन तास धरा.

दुसरं, तिकीट काढताना विमानतळाचा कोड वाचा. एमसीओ हा मुख्य. एसएफबी म्हणजे सॅनफर्ड. नावात ऑरलँडो आहे, पण तो शहराच्या उत्तरेला आणि डिस्ने नैऋत्येला. तिकिटात वाचलेले पैसे टॅक्सीवाल्याच्या खिशात.

कोहम् :
एकट्याने डिस्ने?? पोरं कुठे सोडायची ते पण सांगा 😄

साजूक_तूप :
@कोहम् पोरांच्या बाबांकडे. पुढचा प्रश्न?

अर्धा_डबा :
खाण्याचं लिहिते पटकन, कुकरच्या दोन शिट्ट्या झाल्यात.
घन पदार्थ हातातल्या बॅगेतून खुशाल न्या. थेपले, चकल्या, शंकरपाळे, लाडू, कशालाच आडकाठी नाही. अडतं ते लोणचं, ओली चटणी, श्रीखंड, पीनट बटर. हे सगळं सुरक्षा तपासणीवाल्यांच्या लेखी द्रव, म्हणजे डबी १०० मिलीपर्यंतची आणि सगळ्या डब्या मिळून एका लहान पारदर्शक पिशवीत. मेतकूट, सत्तू, प्रोटीन पावडर ३५० मिलीच्या वर असेल तर वेगळी काढून दाखवावी लागते. म्हणून पुडी छोटी करा नाहीतर चेक-इनमध्ये टाका. फॉइलमध्ये घट्ट बांधलेली थेपल्यांची चवड एक्स-रेला काळा ठोकळा दिसते आणि बॅग बाजूला जाते. पातळ झिपच्या पिशवीत पसरून ठेवली की निघते.
रिकामी पाण्याची बाटली न्या, तपासणीनंतर भरा. पण काचेची नको, पार्कात काच चालत नाही. पार्कात घरचं खाणं नेता येतं, आणि जिथे कोल्ड्रिंकचा नळ असतो त्या काउंटरवर बर्फाचं पाणी फुकट मागता येतं. तीन-चार डॉलरची बाटली घेऊ नका.

नकाशेवाला :
एमसीओची रचना आधी डोक्यात बसवा, एकट्याला तिथे विचारायला कोणी नसतं.

जुनी इमारत म्हणजे ए आणि बी. ही दोन टर्मिनलं नव्हेत, एकाच हॉलच्या दोन बाजू आहेत. गेटपासून छोट्या ट्रामने मुख्य इमारतीत यायचं. दुसऱ्या मजल्यावर सामान, तळाच्या पहिल्या मजल्यावर बस आणि भाड्याच्या गाड्या, तिसऱ्यावर निघणाऱ्यांची गर्दी. तुमच्या कंपनीचा पट्टा ए बाजूला की बी बाजूला ते ट्राममधून उतरल्यावर पाटीवर बघा. टॅक्सीच्या अॅपमध्येही हीच बाजू बरोबर टाका. ए बाजूला उभं राहून बीवर गाडी बोलावली की ड्रायव्हर पाच मिनिटं थांबतो आणि रद्द करून जातो, वर दंड तुम्हाला.

सी टर्मिनल २०२२ मध्ये उघडलं, ते सगळंच वेगळं. जेटब्लू कंपनीची विमानं तिथे. तिथे सामान वर सहाव्या मजल्यावर येतं आणि निघण्याचे काउंटर खाली, म्हणजे जुन्याच्या बरोब्बर उलटं. सी आणि ए-बीमध्ये ट्राम आहे, पण तिच्यात जाणारा वेळ वेगळा धरा.

सीला लागून ब्राइटलाइनचं स्टेशन आहे. ती गाडी मायामीकडे जाते, डिस्नेला नाही. हे दर महिन्याला कोणीतरी विचारतं म्हणून आधीच लिहून ठेवतो.

दादर_पूर्व :
नकाशेवाले काका, हे छापून भिंतीवर लावते 🙏

टोलनाका :
आता गाडीचं. एकट्यासाठी हिशोब सोपा आहे: बस माणशी पैसे घेते, टॅक्सी गाडीमागे. चार जणांना टॅक्सी परवडते, एकट्याला बस. टॅक्सीचं अॅप वेळेनुसार ३५ ते ६० डॉलरच्या मध्ये कुठेही दाखवतं, अंतर वीसेक मैल. बस मात्र भरेपर्यंत थांबते आणि वाटेत तीन-चार हॉटेलं करते, त्यामुळे अर्ध्या तासाच्या रस्त्याला दीड तास लागू शकतो. दुपारी उतरत असाल तर बस घ्या, खोली तशीही तीनशिवाय मिळत नाही. रात्री अकराला उतरलात तर टॅक्सी.

भाड्याची गाडी एकट्यासाठी मी सुचवणार नाही. डिस्नेच्या हॉटेलात पार्किंग फुकट झालंय २०२३ पासून, पण बाहेर राहिलात तर पार्कच्या पार्किंगचे रोज पैसे पडतात. घ्यायचीच असेल तर टोलचं आधी बघा. ४१७ आणि ५२८ दोन्ही टोलचे रस्ते. गाडी कंपनीची टोलची योजना घेतली की टोलवर रोजचं शुल्क चढतं. त्याऐवजी व्हिजिटर टोल पास काढा. अॅपवर नोंदवायचा, विमानतळावरच्या मशीनमधून आरशाला अडकवायचं कार्ड घ्यायचं, परत जाताना तिथल्या पेटीत टाकायचं. फक्त टोलचे पैसे लागतात. एकच अट, गाडी एमसीओवरूनच घेतलेली आणि तिथेच परत करायची असावी.

साजूक_तूप :
एकट्या बायकांसाठी दोन ओळी. टॅक्सीत बसण्याआधी नंबरप्लेट बघा, आणि "कोणासाठी आलात?" असं आपण विचारायचं, आपलं नाव आपण सांगायचं नाही. प्रवास घरच्यांना शेअर करा. हॉटेलच्या काउंटरवर खोलीचा नंबर मोठ्याने सांगितला तर दुसरी खोली मागा, देतात.

साडेसात_किलो :
सामान. स्वस्त तिकीट म्हणजे बॅगेत मार हे गृहीत धरा. युनायटेडच्या बेसिक इकॉनॉमीत देशांतर्गत विमानात वर ठेवायची बॅग नेता येत नाही, फक्त सीटखालची. फ्रंटियरला सीटखालची बॅग १८×१४×८ इंच, तीही गेटवर चौकटीत घालून बघतात. साउथवेस्टच्या दोन फुकट बॅगा मे २०२५ पासून गेल्या. तिकिटाची किंमत बॅग धरूनच लावा.

एकट्याने जाताना एक पाठीवरची पिशवी आणि एक चाकांची, बस्स. पाठीवरच्या पिशवीत पहिल्या दिवसाचं सगळं: औषधं, चार्जर, एक कपड्यांचा जोड, सनस्क्रीनची १०० मिलीची ट्यूब, घडीचा रेनकोट, कागदपत्रं. चाकांची बॅग विमानाने पोचवली नाही तरी त्या दिवसाचं काही अडत नाही.

पॉवरबँक चेक-इनमध्ये टाकायची नाही, हातातच. १०० वॉट-आवरपर्यंत विचारत नाहीत. १०,००० एमएएच म्हणजे ३७ वॉट-आवर, २०,००० म्हणजे ७४. गेटवर ऐनवेळी बॅग खाली टाकायला घेतली तर आधी पॉवरबँक काढून घ्या.
आणि सेल्फीस्टिक घरीच. एकट्याला हवीशी वाटते, पण पार्कच्या दारात काढून घेतात. घडीचा छोटा ट्रायपॉड पिशवीत मावत असेल तर चालतो.

कोहम् :
फोटो काढायला दुसऱ्या कुटुंबाला पकडायचं. आधी आपण त्यांचा काढायचा, मग ते नाही म्हणत नाहीत. जिथे सगळेच थकलेत तिथे विचारू नका, डोकी कापलेला फोटो मिळतो.

वरणभात_लिंबू :
जर्सीकर काका, मी ठाण्याहून येणार आहे, तिथून थेट आहे का काही? वेळ किती ठेवू?

जर्सीकर :
थेट नाही. दोन रस्ते आहेत. एक, नूअर्क-न्यूयॉर्कसारख्या ठिकाणी उतरून पुढे. दोन, दुबईहून एमिरेट्सचं ऑरलँडोचं विमान. पहिल्यात इमिग्रेशन पहिल्या अमेरिकी विमानतळावर होतं. मुंबईत ऑरलँडोपर्यंतचा टॅग लावला असला तरी तिथे बॅग स्वतः उचलायची, कस्टम्समधून न्यायची, बाहेरच्या पट्ट्यावर परत टाकायची, मग पुन्हा सुरक्षा तपासणी. यात तीन तासांहून कमी ठेवू नकोस, चार बरे. दोन्ही विमानं एकाच तिकिटावर हवीत, नाहीतर पहिल्याला उशीर झाला तर दुसरी कंपनी हात वर करते. दुबईमार्गे सगळं ऑरलँडोलाच होतं, पुढचं विमान चुकायची भानगड नाही.
खाण्याचं फॉर्मवर सगळं जाहीर कर. चकल्या जाऊ देतात, ताजी फळं नाही.
आणि त्याच दिवशी पार्कचं तिकीट लावू नकोस. इतक्या लांबून आल्यावर संध्याकाळी सहाला डोळे मिटतात.

पिठलं :
राइड्सचं लिहू नका म्हणालात तरी एकच: लाइटनिंग लेनचं (पैसे भरून छोट्या रांगेत शिरायचं) बुकिंग डिस्नेच्या हॉटेलवाल्यांना सात दिवस आधी आणि बाहेरच्यांना तीन दिवस आधी, सकाळी सातला उघडतं. ते सात तिकडचे. कॅलिफोर्नियावाल्यांनो, पहाटे चारचा गजर.

खिडकीची_सीट :
शिरलातच 😄

पिठलं :
बरं मग हेही घ्या. सिंगल रायडरची वेगळी रांग एव्हरेस्ट, टेस्ट ट्रॅक आणि स्मगलर्स रन या राइड्सना. जिथे एक सीट उरते तिथे बसवतात. एकट्याला तिथे लाइटनिंग लेनचे पैसे कशाला? पळतो.

शेवटची_बस :
पोचल्यानंतरचं कोणी लिहिलं नाही.
ऑनलाइन चेक-इन घरीच करा, खोली तयार झाली की मेसेज येतो. तोवर बॅग बेल सर्व्हिसेसला द्या, पावती जपा, नाव-फोन लावलेलं असू द्या. बॅग देताना औषधं आणि चार्जर काढून घ्या, त्यातच अडकतात.

मग काउंटरवर जाऊन प्लास्टिकचं कार्ड मागा. आपणहून देत नाहीत, मागितलं की फुकट देतात. फोनमध्येच खोलीची किल्ली, पार्कचं तिकीट, जेवणाची ऑर्डर, नकाशा असं सगळं असतं. चौघांत एकाचा फोन मेला तर तीन उरतात. तुमचा मेला तर तुम्ही खोलीबाहेर. डिस्नेचं अॅप लोकेशन आणि स्क्रीन दोन्ही खातं, सकाळी भरलेली बॅटरी दुपारीच निम्म्याखाली येते. कार्ड खिशात असेल तर निदान खोलीत आणि पार्कात जाता येतं.

पहिल्या संध्याकाळी तिकीट जाळू नका. पॉप सेंच्युरी किंवा आर्ट ऑफ अॅनिमेशन हॉटेलला असाल तर स्कायलाइनरने (डिस्नेचा रोपवे) फिरा, तिकीट लागत नाही. त्यात एसी नाही आणि वीज चमकली की बंद पडतो, तेव्हा आभाळ बघून. पॉलिनेशियन हॉटेलच्या किनाऱ्यावरून मॅजिक किंगडम पार्कची आतषबाजी दिसते, तीही फुकट.
जेवायला किडानी व्हिलेज या डिस्नेच्या हॉटेलातलं सना. तिथे नान आणि चटण्यांचं मोठं ताट येतं, शाकाहाऱ्याचं पोट भरतं. एकट्याला टेबल मिळत नसेल तर बारच्या खुर्चीचं विचारा, पूर्ण मेनू मिळतो.

अर्धा_डबा :
सना! नानबरोबरच्या चटण्या मात्र अंगावर येतात, जपून.

शिंजुकूचा_पाव्हणा :
ऑरलँडोच का? एकट्यासाठी तोक्यो सोपं. हानेदा आणि नारिता दोन्हीकडून डिस्नेच्या हॉटेलांपर्यंत थेट लिमोझिन बस. ट्रेनने जाणार असाल तर तोक्यो स्टेशनात केइयो लाइनचा फलाट फार लांब आहे, बॅग घेऊन पंधरा मिनिटं चालणं धरा. उतरायचं माइहामाला.

नकाशेवाला :
पॅरिसही सोपं. शार्ल द गॉलच्या टर्मिनल २ मधून टीजीव्ही दहा-बारा मिनिटांत मार्न-ला-व्हालेला, डिस्नेच्या दारात. फक्त गाड्या मोजक्या आहेत, विमानाची वेळ बघून तिकीट काढा आणि मध्ये दीड-दोन तास सोडा.

कोहम् :
खोपोलीला विमानतळ करा म्हणजे इमॅजिकाचाही धागा काढू.

दादर_पूर्व :
मांड्या घासण्याचं कोणी सांगेल का? लाजत विचारतेय.

साजूक_तूप :
लाजायचं काय त्यात. रोल-ऑन स्टिक मिळते, डिओडरंटसारखी दिसते. सकाळी कोरड्या त्वचेवर, पावसात भिजलीस तर पुसून पुन्हा. व्हॅसलीन चालतं पण कपड्यांना लागतं. आणि बूट नवे नेऊ नकोस, महिनाभर वापरलेले ने. टाचेला फोडासाठीची जाड पट्टी फोड यायच्या आधी लाव, आल्यावर काही उपयोग नाही.

शेवटची_बस :
परतीचं राहिलं. ए-बी इमारतीत तपासणीची दारं दोन, एक गेट १ ते ५९ साठी, दुसरं ७० ते १२९ साठी. चुकीच्या रांगेत अर्धा तास उभे राहिलात तर पुन्हा पहिल्यापासून. शनिवार-रविवारी स्ट्रोलर, कार-सीट आणि मिकीच्या फुग्यांची कुटुंबं पुढे असतात, अडीच तास आधी पोचा. स्नो-ग्लोब आणलात तर चेक-इनमध्ये, आतलं पाणी १०० मिलीच्या वर गेलं की हातातून जाऊ देत नाहीत.