कंड्यूटमध्ये वायरी मोजू नका, केबलची जाडी मोजा

दोन केबलसाठी कंड्यूट, म्हणजे वायरिंगचा पाइप, केवढा घ्यावा यावर एकांनी लिहिलंय की तीन कोअरच्या (आत तीन वायर असलेल्या) दोन केबल म्हणजे सहा वायर, आणि २५ मिमीच्या पाइपात सहा वायर सहज बसतात. कृपया असं मोजू नका. मल्टिकोअर केबल ही वरच्या आवरणासकट एकच जाड वायर धरायची. अमेरिकी एनईसीत (वायरिंगच्या नियमावलीत) एका केबलला पाइपच्या आतल्या क्षेत्रफळाच्या ५३ टक्के, दोनला ३१, तीन किंवा जास्तीला ४० टक्के जागा मिळते. दोनला सगळ्यात कमी, हे बरेच जण विसरतात.

हिशोब सोपा आहे. व्यासांचे वर्ग घ्या. केबल १० मिमीची असेल तर १०० अधिक १००, म्हणजे २००. २५ च्या पाइपाचा आतला व्यास २१ निघाला तर ४४१. झाले ४५ टक्के, ३१ च्या वर! ३२ चा पाइप आतून २८ असेल तर साडेपंचवीस. म्हणून ३२ च घ्या. मात्र आतला व्यास व्हर्नियरने स्वतः मोजा, पाइपावर छापलेला आकडा बाहेरचा असतो.

सबमर्सिबल पंपाची चपटी केबल असेल तर तिची रुंदी हाच व्यास धरायचा.

मी एकदा दोन केबल २५ मध्ये ओढल्या होत्या. दुसऱ्या बेंडला अडकल्या. बाहेर काढल्या तर आवरण सोलून आतला लाल कोअर दिसत होता.