आशाताईंचा थकवा शिबिरानं जाणार नाही

एकांनी सुचवलंय की आशाताईंसाठी, म्हणजे गावात घरोघरी जाऊन आरोग्याचं काम बघणाऱ्या बायांसाठी, ध्यानाचं, ताण कमी करायचं शिबिर घ्यावं. तळमळ कळते, पण मला नाही पटलं. आमच्या बीडकडं बघा, दिवाळीच्या आसपास तांडेच्या तांडे ऊसतोडीला जातात, मग कोणती बाई गरोदरपणात गेली, कोणत्या लेकराचा डोस राहिला, हे सगळं आशाताई फोनवर फोन लावून बघत बसते. दवाखान्यात बाळंत होऊन आलेली गावात असली तर 42 दिवसांत 6 गृहभेटी, बाळाचं वजन, ताप, नोंदी, अन् या सगळ्याचे मिळून 250 रुपये. त्यात सर्व्हे, ॲप, रात्री कळा सुरू झाल्या की पहिला फोन तिलाच. आशा योजना 2005 ची, पण कागदावर ती अजून स्वयंसेविकाच, म्हणजे ठरलेला पगार नाही. 2022 ला जागतिक आरोग्य संघटनेनं गौरव केला, लई अभिमान वाटला, तरी पुढच्याच वर्षी मोबदल्यासाठी संप करावा लागलाच ना. आधी मानधन दर महिन्याला ठरल्या तारखेला द्या, अन् ऊसतोडीला गेलेल्या बायांची यादी कारखान्याकडच्या आरोग्य केंद्रानं स्वतःहून मागवून घ्यावी, तेवढं तरी तिच्या डोक्यावरून उतरू द्या.