मोटोक्रॉस दुचाकीच्या सायलेन्सरमधील ग्लासवूल केव्हा आणि कसे बदलावे?

मातीवाट:
नमस्कार. माझ्याकडे २५० सीसीची फोर-स्ट्रोक मोटोक्रॉस दुचाकी आहे. तिची रस्त्यासाठी नोंदणी नसल्यामुळे ती पिकअपमध्ये घालून सरावाच्या ट्रॅकवर नेतो आणि तेथेच चालवतो. तेल, एअर फिल्टर आणि चेन यांची देखभाल पुस्तिकेत दिलेल्या तासांनुसार होते. सायलेन्सर मात्र आधीच्या मालकाने कधी उघडला होता का, याची कोठेही नोंद नाही. अलीकडे आवाजाला पत्रा कापल्यासारखी कर्कश धार आली आहे आणि अॅल्युमिनियमच्या नळकांड्यावरचे स्टिकर एका बाजूने करपले आहे. येथील मेकॅनिकचे म्हणणे असे, की हार्डवेअरच्या दुकानातले ग्लासवूल आणून ठासून भरले की काम झाले. हे योग्य आहे का? आणि मूळचे रिव्हेट काढल्यावर त्यांच्या जागी कोणते बसवावेत?

चौदाचा पाना:
आपण सांगितलेली दोन्ही लक्षणे भरण संपल्याचीच आहेत. या प्रकारच्या सायलेन्सरमध्ये मधोमध सरळ जाळीदार नळी असते आणि तिच्याभोवती काचतंतूंची भरण असते. नळीच्या भोकांतून बाहेर पडणारी आवाजाची लहर तंतूंमधल्या हवेला हलवते, त्या घर्षणात तिची ऊर्जा उष्णतेत बदलते आणि आवाज मंदावतो. उंच पट्टीचा आवाज अशा भरणीत चांगला जिरतो, खर्जाचा कमी; त्यामुळे भरण विरळ झाली की आधी जाणवते ती कर्कशता, आणि एकूण आवाज वाढल्याचे नंतर लक्षात येते. स्टिकर करपण्याचे कारणही तेच आहे, कारण ही भरण उष्णतेलाही अडवते. करपलेल्या जागेच्या आत बहुधा पोकळी झालेली असेल. कार्बन फायबरचे नळकांडे असते तर एवढ्यात ते कायमचे निकामी झाले असते.

मेकॅनिकच्या दोन्ही सल्ल्यांशी मी असहमत आहे. इमारतीच्या छतासाठी मिळणाऱ्या ग्लासवूलचे तंतू आखूड असतात आणि ते चिकट द्रव्याने एकमेकांना धरून ठेवलेले असतात. ते द्रव्य एक्झॉस्टच्या उष्णतेत जळून जाते आणि सुटे झालेले तंतू इंजिनाच्या प्रत्येक ठोक्याबरोबर सायलेन्सरच्या शेपटीतून, म्हणजे मागच्या टोकातून, बाहेर फेकले जातात. सायलेन्सरसाठी मिळणारी भरण सलग, लांब धाग्यांची असते. ती गुंडाळीच्या, चटईच्या किंवा फुलवलेल्या दोऱ्याच्या रूपात मिळते. काही जण बेसाल्टचे धागेही वापरतात. ते साध्या काचेपेक्षा थोडी अधिक उष्णता सोसतात. जुन्या गॅरेजमध्ये अजूनही अॅस्बेस्टॉसची दोरी पडलेली असते, तिला हातही लावू नये.

ठासून भरणे हे तर उलटेच आहे. तंतूंमध्ये हवेला हलायला जागा उरली नाही, तर आवाज शोषला न जाता परत फिरतो. फार सैल भरल्यास तंतू हलून हलून तुटतात. फुलवलेल्या लांब धाग्यासाठी पोकळीच्या दर लिटरला साधारण १०० ते १५० ग्रॅम हे प्रमाण धरतात, पण किटवर वजन छापलेले असेल तर तेच पाळावे. स्वयंपाकघरातला वजनकाटा या कामाला पुरतो (घरच्यांची परवानगी ज्याने त्याने मिळवावी).

काम सुरू करण्यापूर्वी झाकण आणि नळकांडे यांच्या जोडावर मार्करने आडवी खूण करावी, नाहीतर बसवताना भोके जुळवण्यातच दुपार जाते. रिव्हेटचे फक्त डोके ड्रिलने उडवावे आणि उरलेला भाग पंचाने आत ढकलावा. ड्रिल तिरके गेले तर भोक मोठे होते. ४.८ मिलिमीटरचे रिव्हेट असतील तर ५ मिलिमीटरचे पाते पुरते. झाकण अडकले असेल तर रबरी हातोडीने चहूबाजूंनी हलके ठोकावे, पेचकसाने उचकटू नये. नळी बाहेर आल्यावर तिची भोके काजळीने बुजली आहेत का, हे आवर्जून पाहावे, कारण बुजलेल्या नळीभोवती नवी भरण घालणे व्यर्थ आहे. तारेच्या ब्रशने ती स्वच्छ करावी. वेल्ड तडकलेले असल्यास आधी ते दुरुस्त करून घ्यावे. मग नळीवर स्टेनलेसच्या स्टील वूलचा एक पातळ थर, त्यावर काचतंतूंची समान जाडीची गुंडाळी, आणि ती सुटू नये म्हणून कागदी टेपचे दोन-तीन वेढे, जे पहिल्याच फेरीत जळून जातात. साधे लोखंडी स्टील वूल गंजते आणि जळतेही, म्हणून ते नको.

रिव्हेट स्टेनलेसचेच घ्यावेत. अॅल्युमिनियमचे उष्णतेने आणि कंपनाने सैल होतात. झाकणाच्या कडेला उच्च तापमानाच्या सिलिकॉनची बारीक रेघ पुरेशी आहे. हातमोजे, लांब बाह्या आणि मास्क यांशिवाय जुनी भरण उपसू नये. तिची खाज आंघोळीनेही लवकर जात नाही.

रानवारा:
वरील सर्व मान्य. टू-स्ट्रोक बाळगणाऱ्यांसाठी एक भर घालतो. तेथे भरण जळण्याआधी न जळलेल्या तेलाने भिजते, जड होते आणि गोळा होऊन बसते, म्हणून ती फोर-स्ट्रोकपेक्षा लवकर बदलावी लागते. शेपटीतून काळे तेल ठिबकू लागले की समजावे. अनेक टू-स्ट्रोक सायलेन्सरना रिव्हेटऐवजी अॅलन बोल्ट असतात, त्यामुळे काम सोपे होते. मात्र तेलकट नळी डिझेलने धुतल्यावर पूर्ण कोरडी होऊ द्यावी. आणखी एक युक्ती अशी, की नव्या भरणीसह सायलेन्सरचे वजन करून ते वहीत लिहून ठेवावे. पुढच्या वेळी उघडण्याआधीच वजनावरून अंदाज येतो: फोर-स्ट्रोकचा हलका होत जातो, टू-स्ट्रोकचा जड.

घाटकरी:
माझी ३५० सीसीची बुलेट आहे, कंपनीच्याच सायलेन्सरसह. मीही सर्व्हिसिंगच्या वेळी हे करून घ्यावे का?

चौदाचा पाना:
नाही. रस्त्यावरच्या गाड्यांचे मूळ सायलेन्सर बहुतेक कप्प्यांचे आणि आडपडद्यांचे असतात. त्यांत आवाजाच्या लहरी एकमेकींना छेदून विझवल्या जातात. ते वेल्डने कायमचे बंद केलेले असतात आणि आजच्या गाड्यांत उत्प्रेरकही (धुरातले प्रदूषण कमी करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर) त्याच एक्झॉस्ट मार्गात असतो. गंजून भोक पडेपर्यंत त्यांना काहीही करावे लागत नाही. आरएक्स १०० सारख्या जुन्या टू-स्ट्रोकमध्ये बॅफल (सायलेन्सरच्या आतली सुटी नळी) ओढून काढून काजळी जाळत असत, पण ती सफाई होती, भरण बदलणे नव्हे.

बाहेरून घेतलेला भरणीचा सायलेन्सर रस्त्यावरच्या गाडीला लावण्याचा विचार असेल, तर भरण कितीही ताजी असली तरी कायद्याचा प्रश्न सुटत नाही. १७५ सीसीपेक्षा मोठ्या दुचाकींना उत्पादनाच्या वेळी ८० डेसिबलची मर्यादा आहे. शिवाय २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९० (२) खाली आवाजाचे मानक मोडून गाडी चालवल्यास पहिल्या गुन्ह्यालाही तीन महिन्यांपर्यंत कैद, दहा हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात आणि परवानाही तीन महिन्यांसाठी जातो.

मातीवाट:
सर्वांचे आभार. आज सायलेन्सर उघडला. करपलेल्या बाजूला भरण जवळजवळ नव्हतीच, उरलेली राखाडी आणि कडक झाली होती. नळीचे वेल्ड शाबूत आहे. लांब धाग्याची गुंडाळी मागवली आहे. पहिल्यांदा चालू करताना धूर येईल का?

रानवारा:
टेपचा आणि धाग्यावरच्या लेपाचा थोडा पांढरा धूर व वास येईल, काही मिनिटांत थांबेल. गाडी मोकळ्या जागेत चालू करावी. पहिल्या सरावानंतर, सायलेन्सर थंड झाल्यावर, रिव्हेट हलतात का आणि जोडाजवळ काजळीची रेघ दिसते का, हे पाहावे. तशी रेघ दिसली तर तेथून वायू गळत आहे, आणि झाकण पुन्हा बसवावे लागेल.