मागच्या बंपरला खांब घासला: पॉलिश, टचअप की अख्खा रंग?

घोडबंदर_सिल्व्हर
नमस्कार मंडळी. गाडी स्विफ्ट पेट्रोल, सिल्की सिल्व्हर, चौथं वर्ष चालू. मागच्या बंपरचा डावा कोपरा पोडियम पार्किंगच्या खांबाला घासलाय. वीतभर लांब, चार बोटं रुंद पट्टा. त्यात खांबाचा पिवळा रंग बसलाय, बारीक ओरखडे बरेच आहेत आणि दोन चरे खोल वाटतात. बंपर फुटलेला किंवा दबलेला नाही. ठाण्याच्या वागळे इस्टेटमधला एक गॅरेजवाला म्हणतो, तेवढ्याच कोपऱ्याला रंग मारून देतो, संध्याकाळी गाडी घेऊन जा. दुसरा म्हणतो, बंपर उतरवून पूर्ण मारावा लागेल, दोन दिवस ठेवा. कुणी सुचवतं विम्यातून करा. एनसीबी (क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट) 35 टक्के आहे, झिरो डेप (घसारा न कापणारं ॲड-ऑन) नाही. त्यात पावसाळा सुरू. काय करावं आणि कोणत्या क्रमानं?

रंगगन
आधी पिवळा रंग काढा, मग ठरवा. त्याच्याखाली काय आहे ते दिसल्याशिवाय गॅरेजवाल्याचा अंदाजही अंदाजच.

कोपरा शाम्पूनं धुवा, धूळकण राहिले तर तेच नवे ओरखडे पाडतील. मग आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि पाणी निम्मं-निम्मं करून मायक्रोफायबरनं पुसा. उरलेल्या पिवळ्यावर हातानं थोडं रबिंग कंपाउंड चोळा. एनसी थिनर आणि नेलपॉलिश रिमूव्हर लावू नका. कंपनीचा रंग एखादवेळी टिकेल, पण कोपरा आधी कधी मारलेला असेल तर तिथला रंग मऊ पडून सुरकुततो.

मग त्या जागेवर पाणी मारा. ओलं असताना जे ओरखडे दिसेनासे होतात ते फक्त क्लिअरमध्ये, म्हणजे रंगावरच्या पारदर्शक थरात आहेत. जे दिसत राहतात त्यांच्यावर नख आडवं फिरवा. नख अडकलं की पॉलिशचा उपयोग नाही. तळाशी करडं किंवा पांढरट दिसलं तर अस्तर (रंगाखालचा प्रायमर), काळं दिसलं तर प्लास्टिक.

कंपनीच्या क्लिअरची जाडी साधारण 40 ते 50 मायक्रॉन असते. म्हणून बारीक ओरखड्यांना 2000 चा पाणीपेपर, मग 3000, मग कंपाउंड, मग पॉलिश एवढंच. पेपर बोटांनी दाबून घासू नका, बोटांच्या खाचा उमटतात. मऊ रबर ब्लॉकवर गुंडाळा. बंपरच्या कंगोऱ्यावर आधी मास्किंग टेप लावा, कारण धारेवर रंगाचा थर सगळ्यात पातळ असतो आणि तिथेच आरपार जातं. घासताना पाणी पांढरं येतंय तोवर ठीक. करडं, चंदेरी येऊ लागलं की क्लिअर संपलं, तिथेच थांबा.

पॉलिसीचा_हिशेब
विम्याचं गणित मांडून दाखवतो. रकमा उदाहरणादाखल आहेत, तुमचे आकडे घालून बघा.

समजा रंगाचं बिल 4,000 रुपये. झिरो डेप नसेल तर रंगाच्या एकत्रित बिलातला 25 टक्के भाग सामानाचा धरतात आणि त्यावर 50 टक्के घसारा कापतात. म्हणजे 500 गेले. 1500 सीसीपर्यंतच्या गाडीला सक्तीची वजावट, म्हणजे मालकानं स्वतः भरायची रक्कम, 1,000. कंपनी देणार 2,500. बंपरच बदलला असता तर प्लास्टिक म्हणून त्याच्या किमतीवर सरळ 50 टक्के घसारा लागला असता.

आता एनसीबी. तो फक्त ओन डॅमेज, म्हणजे आपल्याच गाडीच्या नुकसानीच्या हप्त्यावर मिळतो. समजा तो हप्ता 8,000 आहे. क्लेम केला नाही तर पुढच्या नूतनीकरणाला 45 टक्के, नंतर दरवर्षी 50. क्लेम केला तर शून्य, मग 20, 25, 35, 45 अशी पुन्हा पहिल्यापासून चढण. फरक वर्षागणिक 3,600, 2,400, 2,000, 1,200 आणि 400, एकूण 9,600 रुपये. गाडीची किंमत घटेल तसा हप्ताही उतरतो, म्हणून प्रत्यक्षात थोडं कमी भरेल. तरी 2,500 साठी हा सौदा तोट्याचाच. एनसीबी प्रोटेक्टचं ॲड-ऑन घेतलं असेल तरच फेरविचार करा, आणि तेव्हाही त्याच्या अटी वाचून.

घोडबंदर_सिल्व्हर
मनापासून धन्यवाद. विमा बाद. पिवळा पूर्ण निघाला. बारीक ओरखडे पाणी मारल्यावर दिसत नाहीत. एका चऱ्यात करडं दिसतंय. दुसऱ्यात साधारण 5 सेंमी काळं प्लास्टिक उघडं आहे, नख सरळ अडकतं. शिवाय बंपर वरच्या पत्र्याला जिथे भिडतो तिथे पत्र्यावर तांदळाच्या दाण्याएवढा टवका उडालाय, तो आत्ता दिसला. मग फक्त कोपरा मारून घेऊ का?

रंगगन
पांढऱ्या साध्या रंगात कोपरा मारून निभावतं. सिल्व्हरमध्ये नाही. त्यात ॲल्युमिनियमच्या बारीक पापड्या असतात आणि रंग फवारायच्या गनचं अंतर, हवेचा दाब, थराचा ओलेपणा यानुसार त्या वेगवेगळ्या पडतात. रंगाचा कोड अचूक असला तरी समोरून जुळलेला रंग बाजूनं बघितला की काळपट दिसतो. नव्या क्लिअरची कड जुन्या क्लिअरमध्ये विरघळवून मिसळली तरी बंपरच्या मधोमध ती काही महिन्यांनी रेघ होऊन दिसते, नंतर तिथूनच सोलायला लागते. रंग कोपऱ्यावरून आत विरळ करत न्या, पण क्लिअर अख्ख्या बंपरवर एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत मारा. म्हणून तुमचा दुसरा गॅरेजवाला बरोबर.

प्लास्टिक_पीपी
रंगगन यांच्याशी सहमत. फक्त खरी गोम त्या काळ्या 5 सेंमीत आहे. बंपर उतरला की आतल्या बाजूला साच्यातच उठवलेला शिक्का शोधा. बहुतेक बंपरवर पीपी (पॉलिप्रॉपिलिन) किंवा पीपी-ईपीडीएम (त्यात रबर मिसळलेलं) असं प्लास्टिकचं नाव असतं. पॉलिप्रॉपिलिनच्या पृष्ठभागाला रंग धरतच नाही. उघड्या भागावर आधी ॲडहीजन प्रमोटर (रंगाला पकड देणारा थर) मारावा लागतो, तोही पातळ, आणि डब्यावर दिलेल्या वेळेत पुढचा थर चढवावा लागतो. ही पायरी गाळली तरी गाडी ताब्यात घेताना काहीच कळत नाही. पुढे कधीतरी प्रेशर वॉशचा फवारा कडेला लागतो आणि तळव्याएवढा पापुद्रा अख्खा निघून येतो. दरात घासाघीस करा, पण या डब्यासाठी हट्ट धरा आणि तो डोळ्यांनी बघा.

दुसरं, लांबी, म्हणजे चरा भरायची पुट्टी. पत्र्यावरची नेहमीची एनसी लांबी इथे नको. ती सुकताना आवळते, त्यामुळे चरा पुन्हा खळग्यासारखा दिसू लागतो. बंपर वाकला की तडकतेही. प्लास्टिकसाठीची लवचीक टू-के (हार्डनर मिसळून वापरायची) लांबीच हवी. चऱ्याच्या दोन्ही बाजूंना 180 च्या पेपरनं, मग 320 च्या पेपरनं उतार काढायचा. पीपी घासताना तंतू उभे राहतात, ते नव्या ब्लेडनं अलगद कापायचे, नाहीतर अस्तरातून केसांसारखे वर येतात.

पुढे टू-के अस्तर, ते 600 च्या आणि शेवटी 800 च्या पेपरनं ओलं घासायचं. सिल्व्हरखाली 400 च्या रेघा हमखास दिसतात. रंगाचे दोन-तीन पातळ हात, प्रत्येक हातानंतर दहा-पंधरा मिनिटं थांबून, आणि शेवटचा हात गन लांब धरून नुसता शिंपडल्यासारखा, म्हणजे पापड्या सारख्या बसतात. मग टू-के क्लिअरचे दोन हात. हार्डनरचं प्रमाण डब्यावर असेल तेच, 2:1 असो की 4:1. लवकर सुकावं म्हणून हार्डनर वाढवला तर थर ठिसूळ होतो. हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं, त्यामुळे साधा कापडी मास्क चालत नाही. हे घरी गॅलरीत करायचं काम नव्हे.

सिल्की सिल्व्हरचा कोड झेड2एस. तरी गाडीवरच्या प्लेटवर ताडून घ्या आणि आधी एका कार्डावर रंग मारून, क्लिअर चढवून, उन्हात बंपरशेजारी धरून बघा. ट्यूबलाइटखाली पसंत करू नका.

आणखी एक. 1 जुलै 2019 पासून नव्या गाड्यांना रिव्हर्स सेन्सर सक्तीचे आहेत, म्हणजे तुमच्या बंपरमध्ये ते असणारच. सेन्सर काढूनच रंग मारायला सांगा. नुसती टेप लावून मारलं तर भोवती रंगाची कड राहते, तोंडावर जाड थर बसला तर मागे काही नसताना सेन्सर ओरडतो.

घोडबंदर_सिल्व्हर
सगळं लिहून घेतलं. शेवटचा प्रश्न, हे आत्ता पावसात करू की थांबू?

रंगगन
बंपर थांबू शकतो. प्लास्टिकला गंज नाही, चरा जून ते सप्टेंबर तसाच राहिला तरी खोल होत नाही. उघड्या शेडमध्ये दमट हवेत मारलेलं क्लिअर दुधाळ पडतं किंवा त्यात टाचणीच्या टोकाएवढी छिद्रं येतात. रंग मारायची बंद खोली (बूथ) असेल आणि 60 अंशांवर अर्धा तास भाजून देणार असतील तर पावसातही हरकत नाही. नसेल तर ऑक्टोबर गाठा.

पत्र्यावरचा टवका मात्र या आठवड्यातच बंद करा. खाडीकडून येणारी दमट हवा आणि पाऊस, गंज क्लिअरच्या खालून पसरतो आणि मग दाण्याचा रुपया होतो. गाडी आडोशाला घ्या, जागा हेअर ड्रायरनं पूर्ण कोरडी करा, अल्कोहोलनं पुसा. तपकिरी ठिपका दिसला तर ब्लेडच्या टोकानं चमकता पत्रा दिसेपर्यंत खरवडा. टूथपिकनं अस्तराचा एक थेंब, सुकला की रंगाचे दोन-तीन पातळ थेंब, मध्ये अर्धा-अर्धा तास, शेवटी क्लिअर. रंगाची बाटली आधी दोन मिनिटं हलवा, पापड्या तळाशी बसलेल्या असतात. एकाच जाड थेंबात भरायला जाऊ नका, वरून कातडं धरतं आणि आत ओलं राहतं.

प्लास्टिक_पीपी
पुढे बंपर मारून घ्याल तेव्हा पहिले सात दिवस धुवू नका, महिनाभर वॅक्स नको. गाडी ताब्यात घेताना बंपरच्या दोन्ही टोकांना, चाकाच्या कमानीशी, क्लिप पूर्ण बसल्यात का ते बोटानं दाबून बघा. एक जरी तुटकी राहिली तर टोक सुटून पत्र्यावर घासत राहतं.