मदत हवी आहे: बहिणीने नीट (वैद्यकीय प्रवेश परीक्षा) तिसऱ्यांदा द्यावी की लागलेलं बीएएमएस (आयुर्वेदाची पदवी) घ्यावं?

नमस्कार. जरा लांबण लागेल, पण अर्धवट सांगून सल्ला मागण्यात अर्थ नाही.

धाकट्या बहिणीने २०२४ ला बारावीबरोबर नीट दिली, ४७० आले. मग लातूरला रिपीटर बॅच, वर्षभर खोली आणि मेस. २०२५ ला ४४६. निकाल कळल्यावर आबा एवढंच म्हणाले, "वरीस घालून चोवीस कमी?" त्यांना कसं समजवावं तेच कळेना, कारण मार्क घटले तरी रँक लाखाहून जास्त सुधारली आहे. २०२४ ला सातशेवीसपैकी सातशेवीस घेणारेच ढीगभर होते, २०२५ ला देशात पहिला आला तो ६८६ वर. त्यात पर्यायी प्रश्न गेले, वेळ दोनशे मिनिटांवरून १८० वर आली, आणि फिजिक्सचा पेपर कसा होता हे ज्यांची पोरं बसली त्यांना सांगायला नको. पण गावाला आणि आबांना दोनच आकडे दिसतात.

आम्ही खुल्या गटात. एमबीबीएस सरकारी सोडा, खाजगीतही लागलं नाही. अभिमत विद्यापीठाची फी आमच्या उसाला झेपणारी नाही. आता आयुषच्या (आयुर्वेद, होमिओपॅथी वगैरे) प्रवेशफेरीत एक खाजगी आयुर्वेद कॉलेज लागलंय, शनिवारपर्यंत हजर व्हायचं आहे.

आबा म्हणतात घे. आई म्हणते तिला विचारा. तिला विचारलं की म्हणते, "तुम्ही म्हणाल ते." घोडं इथंच अडलंय. मी पुण्यात नोकरी करतो, फी मी भरणार, त्यामुळे निर्णयही हळूच माझ्या ताटात सरकवलाय. नीट कितीदा द्यायची यावर बंधन नाही, वयाची वरची अटही २०२२ ला काढली. म्हणजे थांबायचं कुठं हे कुणी बाहेरून सांगणार नाही.

ज्यांनी तिसऱ्यांदा दिली, किंवा देणं टाळलं, त्यांनी कशावरून ठरवलं?

दुसरी_घंटा: रिपीट! माझ्या मित्राचं तिसऱ्या वेळी झालं, आज जीएमसीत (सरकारी मेडिकल कॉलेजात) आहे. हार मानू नका.

धागाकर्ता: आभार. पण ज्यांचं तिसऱ्या वेळीही झालं नाही ते इथं येऊन लिहीत नाहीत ना, म्हणून धास्ती वाटते.

चष्मेवाला: मी फिजिक्स शिकवतो. एकूण मार्कांवरून काहीच सांगता येत नाही. ओएमआरची (उत्तरपत्रिकेची) प्रत आणि उत्तरतालिका समोर ठेवा आणि विषयवार किती बरोबर, किती चूक, किती सोडले ते लिहा.

धागाकर्ता: तिच्याकडून मागून घेतलं. बायोलॉजी ९० पैकी ७५ बरोबर, १० चूक: २९०. केमिस्ट्री ४५ पैकी २९ बरोबर, १२ चूक: १०४. फिजिक्स ४५ पैकी १७ बरोबर, १६ चूक: ५२.

चष्मेवाला: आता बघा. बरोबर उत्तराला चार, चुकीला वजा एक; घरोघर या निगेटिव्हच्या नावाने बोटं मोडली जातात. पण फिजिक्समधले ते सोळाच्या सोळा तिने कोरे सोडले असते तरी ५२ चे ६८ झाले असते, बस्स. दुखणं तुक्क्यांचं नाही, पंचेचाळीसपैकी सतराच प्रश्न हाताशी होते हे आहे. आता त्या सोळांपुढे तिलाच खूण करू द्या: कुठे रीत माहीत होती पण आकडेमोड चुकली, आणि कुठे प्रश्नच परका वाटला. पहिल्या प्रकारचे आठ-दहा निघाले तर वर्षाला अर्थ आहे, कारण चुकलेला एक प्रश्न बरोबर आला की पाच मार्कांचा फरक पडतो. सगळेच परके निघाले तर तीच बॅच, त्याच नोट्स तिसऱ्यांदा करून काही होणार नाही. पहिल्या धड्यापासून फिजिक्स नव्याने मांडावं लागेल, आणि तोवर बायोलॉजी शिळी होत जाते हे लक्षात ठेवा. रिपीटरांचं बायोलॉजी घसरताना मी पाहिलंय, "ते येतंच" या भरवशावर.

गुळपोळी: मी बीएएमएस, तालुक्याच्या गावी प्रॅक्टिस. दोन्ही दगडांवर पाय ठेवू नका. मी प्रवेश घेऊन पहिल्या वर्षी गुपचूप नीटचा अभ्यास केला. सकाळी संस्कृत आणि पदार्थविज्ञान (आयुर्वेदाचं तत्त्वज्ञान, फिजिक्स नव्हे), दुपारी डिसेक्शन, रात्री फिजिक्स. नीट तर गेलीच, रचना शारीरातही (अ‍ॅनाटॉमीत) गटांगळी खाल्ली. साडेचार वर्षं आणि वर इंटर्नशिपचं एक, एवढा काळ "मला हे नकोच होतं" म्हणत काढणारी पोरं आमच्या बॅचला होती. त्यांचे हाल बघवत नव्हते. जिला आयुर्वेद घ्यायचाय तिने यावं, आम्ही काही एमबीबीएसची उरलेली खुर्ची नाही. (माफ करा, जरा तापट आहे मी.)

आणि शेतकऱ्याच्या घरची पोर आहे, पशुवैद्यकीयचा विचार केला का? महाराष्ट्रात तोही प्रवेश नीटवरच होतो.

धागाकर्ता: गुळपोळी, बरं झालं स्पष्ट बोललात. पशुवैद्यकीयचा फॉर्म भरलाच नव्हता, ही आमची चूक.

काल तिला घेऊन बांधावर फिरायला गेलो. घरात आबा असले की ती बोलत नाही. सोळा प्रश्नांचं विचारलं तर म्हणाली, "ते जूनमध्येच केलंय." वही आणून दाखवली. सोळापैकी नऊ आकडेमोडीत गेलेले, सात परके. पुढं केमिस्ट्रीचंही तसंच. चार महिने वही कपाटात होती आणि आम्ही "तुझं काय म्हणणं" विचारत बसलो होतो.

मग म्हटलं, म्हणजे रिपीट करायचंय ना? तर गप्प. बऱ्याच वेळाने म्हणाली, "दादा, मला अभ्यासाचा कंटाळा नाय. त्या खोलीत परत जायचं नाय." चार मुली, एक खिडकी, दर रविवारी टेस्ट, संध्याकाळी भिंतीवर रँकची यादी. दोघी मध्येच घरी गेल्या, एकीला झोपेच्या गोळ्या चालू होत्या. हे घरी कुणालाच माहीत नव्हतं.

चष्मेवाला: नऊ-सात म्हणजे वाईट नाही. पण तिचं दुसरं वाक्य पहिल्यापेक्षा मोठं आहे. घरी बसून, फक्त फिजिक्सपुरती कुणाची मदत घेऊन दिली तर? आणि झोप, जेवण कसं आहे तेही विचारा, गरज वाटली तर डॉक्टरांना दाखवा. मॉक (सराव परीक्षा) नंतर.

धागाकर्ता: झोप लागते म्हणाली, आईशेजारी झोपते सध्या. घरून अभ्यासाचं मी सुचवलं, तिला पटलं असं वाटतंय, पण तिची एक अट आहे: आधी ते आयुर्वेद कॉलेज बघायचं. न बघता नाही म्हणणार नाही, म्हणाली. गुरुवारी पहाटेच्या एसटीने दोघं निघतोय. आबांना अजून सांगितलेलं नाही.

जाणकारांना एकच विचारायचंय. शनिवारी हजर झालो तर मूळ कागदपत्रं कॉलेजात जमा होतील. नंतर जागा सोडायची झाली तर दंड न लागता सोडायची शेवटची तारीख माहितीपत्रकात नेमकी कुठे दिलेली असते, आणि कागदपत्रं परत मिळायला तुम्हाला किती दिवस लागले?