'डाग', 'नग', 'संच' की आणखी काही? ढोलपथकाच्या सामानासाठी शब्द हवा आहे

ढोलवाली
आमच्या पथकाच्या सामानाची नोंद इतकी वर्षे एका दोनशेपानी वहीत होती. यंदा सराव सुरू होण्याआधी मी त्याचा डेटाबेस करायला घेतला. पडद्यावरची नावे मराठीतच ठेवायची हे आधीच ठरवले, कारण नोंदी करणारी मुले अकरावी-बारावीची आहेत आणि सामान मोजताना ती मराठीतच बोलतात.

ढोल ही एक वस्तू. पण तो सुटा केला की पत्र्याचे पिंप, दोन पाने (ज्यांवर वाजवतात ते दोन्ही बाजूंचे पडदे), दोन कडी आणि दोरी. पान फुटले म्हणून ढोल बाद होत नाही, पान बदलतो. म्हणजे ढोलही मोजायचे, पानेही मोजायची, आणि ढोलावर चढलेले पान सुट्या पानांत पुन्हा धरायचे नाही.

संख्येच्या रकान्याला मी 'डाग' नाव दिले. बाबा पुणे स्टेशनवर हमालाला "पाच डाग आहेत" म्हणायचे, आजीच्या लग्नाच्या यादीत सोन्याचे डाग होते. माझ्या कानाला हा मोजायचाच शब्द. नोंद करणाऱ्या मुलाने ५२ ढोलांपुढे १४ लिहिले. विचारले तर म्हणाला, "ताई, चौदा ढोलांवर गंजाचे डाग आहेत, बाकीचे स्वच्छ." बिचाऱ्याने एकेक ढोल फिरवून पाहिला होता.

मग 'नग' केले. तर ५२ ढोल आणि त्यांच्यावरच चढलेली १०४ पाने मिळून बेरीज आली १५६ नग. या आकड्याला काही अर्थ नाही. पूर्ण वस्तूला एक आणि तिच्या आतल्या भागाला एक असे दोन शब्द सुचवा.

शब्दवेडा
ताई, 'डाग' बदलायला नको होता. मोल्सवर्थच्या कोशातही हा अर्थ आहे. मुलांना ठाऊक नाही म्हणून शब्द टाकून द्यायचा का? त्यांना सांगा, एका सरावात रुळेल. 'दिनांक' आणि 'महापौर' सावरकरांनी दिले, आज ते कोणाला परके वाटतात? शिवाजी महाराजांनी राज्यव्यवहारकोश करवून घेतला तो याच काळजीने. तुमच्या दोन शब्दांसाठी 'संच' आणि 'घटक' घ्या. स्वच्छ आहेत.

चाकणकर
आमच्या कारखान्यातल्या शॉपमध्ये मेन असेंब्ली, सब-असेंब्ली आणि चाइल्ड पार्ट. वर्कर, सुपरवायझर, स्टोअरवाला, सगळे हेच बोलतात आणि कोणाचे काही अडत नाही.

पण शब्दाआधी रचना बघा. ढोलाच्या तक्त्यात 'पान १', 'पान २' असे रकाने केले असतील तर आजच काढा. दोन तक्ते पुरतात. एकात सगळ्या वस्तू: ढोल, पान, कडे, दोरी, सामानाची ट्रॉली, ट्रॉलीचे चाक, चाकातले बेअरिंग. दुसऱ्यात तीनच रकाने: कशात, काय, किती. ढोल, पान, २. ट्रॉली, चाक, ४. चाक, बेअरिंग, २. कितीही पातळ्या येऊ देत, तक्ता तोच राहतो. डेटाबेसचे सॉफ्टवेअर मायएसक्यूएल ८.० किंवा त्यापुढचे असेल तर 'विद रिकर्सिव्ह' वापरून एकाच क्वेरीत तळापर्यंत उतरता येते.

म्हणूनच 'संच' आणि 'घटक' मला पटत नाहीत. चाक हा संच की घटक? ट्रॉलीसाठी घटक, बेअरिंगसाठी संच. हे वस्तूचे नाव नाही, नाते आहे. मामा आणि भाचा म्हणतो तसे. वस्तूच्या तक्त्यात ते लिहायलाच नको.

मुळशीकर
अगदी बरोबर. आमच्या गावच्या सुतारमेटावर बैलगाडीचे चाक व्हायचे ते मी लहानपणी तासन् तास बघत बसायचो. मध्ये तुंबा, त्यात आरे, आऱ्यांवर पुठे, आणि सगळ्यावर लोखंडी धाव. धाव गोवऱ्यांच्या जाळात लाल करायची, दोघातिघांनी सांडशीत धरून चाकावर बसवायची आणि लगेच पाणी ओतायचे. चर्र आवाज व्हायचा, धाव आवळायची आणि लाकूड करकरायचे. गाडीवाल्याला चाक म्हणजे गाडीचा एक भाग, सुताराला तीच पूर्ण वस्तू. 'घटक' म्हणताना मी कोणाला ऐकले नाही, 'गाडीचं सामान' म्हणायचे.

एक मात्र बघा. धाव चढली की चाक सहज सुटे होत नाही. ढोल होतो. तुमच्या डेटाबेसमध्ये हा फरक कुठेतरी यायला हवा.

शब्दवेडा
पुठे नव्हे, पाटे.

मुळशीकर
आमच्याकडे पुठेच.

जुना जुळारी
कोणीच 'जुळणी' म्हटले नाही याचे वाईट वाटले. नारायण पेठेतल्या एका छापखान्यात मी खिळे, म्हणजे छपाईची धातूची सुटी अक्षरे, जुळवत होतो. आमचे नावच जुळारी. जोडणी विजेची, नळाची, गॅसची. एकमेकांत बसावेत म्हणूनच केलेले भाग एकत्र येतात ती जुळणी. जुळलेल्या ढोलाला 'जुळणी' म्हणा, उरलेले 'सुटे भाग'.

ढोलवाली ताईंची अडचण आमची रोजची होती. छापून झाले की मॅटर सोडायचे आणि प्रत्येक खिळा आपापल्या घरात, म्हणजे त्या अक्षराच्या कप्प्यात, परत टाकायचा. फर्मा, म्हणजे जुळवून आवळलेली पाने, मशीनवर असताना त्यातले 'ण' आणि 'ळ' आमचे असूनही आमचे नसत. एकदा गावांच्या यादीचे काम आले आणि 'ळ'चे घर रिकामे झाले. पुढचे पान तसेच थांबले. हेडकंपोझिटर विचारायचे, "घरात किती?" फर्म्यात किती ते नव्हे.

ढोलवाली
काका, हेच हवे होते! मुलेही "पान चढवलं" असेच म्हणतात. म्हणजे एक रकाना 'चढलेली' आणि एक 'घरातली'. ढोल जुळला की घरातून दोन पाने वजा, सोडला की जमा. आज बसवून पाहिले, बेरीज जमली.

पण आता नवेच उपटले आहे. 'पाने' शोधले की ढोलाच्या पानांबरोबर ट्रॉलीच्या नटांचे दोन पानेही येतात. पान आणि पाना, दोन्हीचे अनेकवचन पाने!

चाकणकर
स्पॅनर लिहा.

शब्दवेडा
का म्हणून? गॅरेजमधला पोरगासुद्धा "दहा-अकराचा पाना दे" म्हणतो. चालता मराठी शब्द कशाला मारायचा?

जुना जुळारी
मारायला नको, सामान्यरूप वेगळे आहे. 'पानांची संख्या' आणि 'पान्यांची संख्या'. मथळे असे द्या, गोंधळ होणार नाही.

चाकणकर
मथळ्यात ठीक आहे काका, पण मुलगा शोधताना 'पाने'च टाइप करणार. प्रत्येक वस्तूला वेगळा क्रमांक द्या आणि शोधात शेजारी प्रकार दाखवा, वाद्य की अवजार.

ढोलवाली
क्रमांक देते. आजच्या नोंदीत मुलांनी टिपरूचे (ढोल वाजवायच्या काठीचे) अनेकवचन 'टिपऱ्या' लिहिले आहे.

मुळशीकर
टिपऱ्या गरब्याच्या. पाखरू-पाखरे, लेकरू-लेकरे, तसे टिपरू-टिपरे.

शब्दवेडा
आमच्या पथकात सगळे टिपरंच म्हणायचे.